टेम्पो कंपनीचा, बॅनर तुझं

या आठवड्याचं पत्र सांगलीहून आलंय. मोठं आहे, मी कापून देतेय, पण शब्द तिचेच.

"ताई नमस्कार, मी ३९ वर्षांची. आमचा हळद आणि मसाल्याचा धंदा आहे, आजेसासऱ्यांपासूनचा. आता प्रायव्हेट लिमिटेड केलीय, सासरे, मिस्टर, दीर आणि मी असे चार डायरेक्टर. मी पॅकिंग, डिस्पॅच आणि दुकानदारांकडची वसुली बघते (पगार असा नाही, लागेल तसे घेते). २०१९ च्या पुरात आमचा टेम्पो घेऊन मी पहिल्यांदा मदतीला बाहेर पडले आणि तेव्हापासून एका सेवाभावी क्लबमध्ये आहे. रक्तदान, शाळांना पाण्याचे फिल्टर, पूर आला की वाटप. पेपरात फोटो येतात, लोक ओळखतात, खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. गेल्या एप्रिलमध्ये आमचं शिबिर होतं त्याच दिवशी चटणीच्या एका लॉटवर एक्स्पायरी चुकीची छापली गेली, ८०० पाकिटं दुकानांतून परत आणावी लागली. दीर कामगारांसमोर म्हणाले, वहिनींना समाजसेवा करू दे, आपण धंदा करू. सासरे गप्प बसले. याच सासऱ्यांनी २००५ च्या पुरात गोडाऊनच्या माडीवर साठ-सत्तर माणसं आठ दिवस ठेवली होती, मग मी केलं की वाईट का? आता क्लबने जुलैपासून अध्यक्षपद घ्या म्हटलंय. मिस्टर म्हणतात तुला वाटेल ते कर. घेऊ का? पत्ता कळवा, आमच्या चटणीचं पाकीट पाठवते."

पुणे-मुंबईच्या वाचकांसाठी एक खुलासा, सांगली-कोल्हापूरकडे चटणी म्हणजे डोशाबरोबरची नव्हे, वर्षाचं लाल तिखट, कांदा-लसूण घालून डंकावर कुटलेलं.

अगं, अध्यक्षपदाचं शेवटी बघू. तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात लिहिलंयस. पगार असा नाही, लागेल तसे घेते. मी ते तीनदा वाचलं. चार डायरेक्टरांतली एक, तीन खाती सांभाळणारी, आणि महिन्याच्या शेवटी हातात काय तर गल्ल्यातून किंवा नवऱ्याकडून लागेल तसे. तुझ्या घरात कुणी हात आखडता घेत असेल असं मला वाटत नाही, साडी घे म्हटलं की दोन घे म्हणणारी माणसं असतील, पण गोम तिथेच आहे. तुला स्वतःचा खिसाच नाहीय. म्हणून तुला जेव्हा कुणाला काही द्यावंसं वाटतं तेव्हा तू कंपनीचं देतेस, कंपनीची हळद, कंपनीचा टेम्पो, कंपनीचा ड्रायव्हर, कंपनीचा एप्रिलमधला दिवस. तुझ्या मनात ते तुझंच असतं कारण तू त्यासाठी राबतेस आणि त्याचे पैसे घेत नाहीस, त्यामुळे हिशोब फिटला असं तुला वाटतं. दिराच्या मनात ते चौघांचं असतं आणि बॅनरवर नाव एकाचं असतं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलताय म्हणून तर भांडण मिटत नाहीय.

एक विचारते, राग मानू नकोस. तो टेम्पो वाटप करून रात्री अकराला परत येतो तेव्हा ड्रायव्हरचा ओव्हरटाइम कोण देतं? डिझेल कुठल्या खात्यात पडतं? पेपरातल्या फोटोत तो ड्रायव्हर असतो का?

मला हे शहाणपण वरून पडलेलं नाही हो. आमच्या घरी लोणच्याचं काम होतं, मोठं नाही, पण सीझनला दीड-दोनशे बरण्या निघायच्या आणि मला महिला मंडळाची भारी हौस. एका मे महिन्यात आरोग्य शिबिर होतं, मी सकाळी कैरीच्या फोडी मीठ-हळद लावून पिंपात भरल्या, मीठ मोजायचं काम कधीच कुणाला दिलं नव्हतं ते त्या दिवशी जाता जाता तोंडाने सांगितलं, अंदाजाने घाल गं, आणि गेले. पंधरा दिवसांनी झाकण उघडलं तर वर पांढरी साय धरावी तशी बुरशी, चाळीस बरण्यांचा माल गटारात. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. मी आठ दिवस सगळ्यांना सांगत फिरले की मी काय सिनेमाला गेले होते का, लोकांची बीपी तपासायला गेले होते. पण मिठाला काय त्याचं? मी चांगल्या कामाला गेले म्हणून ते कमी पडायचं थांबत नाही. आणि खरं दुखणं मी गेले हे नव्हतंच, मीठ फक्त माझ्या हाताला माहीत होतं हे होतं.

तुझ्या ८०० पाकिटांचंही मला तेच वाटतं. दिराने रक्तदानाला दोष दिला, तू दिराच्या बोलण्याला दोष देतेस, आणि त्या छपाईच्या मशीनवर तारीख सेट करणारं माणूस आजही तू एकटीच आहेस, बरोबर ना? पाकिटावर तुमचा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) लायसन्स नंबर असतो, तारीख चुकली तर नोटीस कंपनीला येते, शिबिराला येत नाही. तुझ्या पॅकिंगमधली एखादी जुनी, चष्मा लावून का होईना पण बारीक वाचणारी बाई निवड. प्रत्येक लॉटचं तारीख छापलेलं पहिलं पाकीट भरायच्या आधी वहीत चिकटवायचं, शेजारी बॅच नंबर, तारीख, दोघींच्या सह्या, मगच मशीन पुढे. हे काही फार मोठं तंत्र नाही, बऱ्याच कारखान्यांत असंच चालतं. पण तिला त्याचे महिन्याला वेगळे पैसे द्यायचे, ताई करतेस का जरा असं म्हणून गळ्यात घालायचं नाही, नाहीतर तुझ्यासारखीच आणखी एक लागेल तसे घेते तयार होईल.

दीर कामगारांसमोर बोलले ते मात्र चूक. ते तू त्यांना एकट्यात सांग, त्याच आठवड्यात सांगायला हवं होतंस. वर्षभर पोटात ठेवून मला लिहिण्यात काही अर्थ नव्हता.

आता सासरे. तू लिहितेस त्यांनी २००५ ला माणसं ठेवली मग माझं का चालत नाही. अगं तेव्हा मालक ते एकटे होते. कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता, माल भिजला तर त्यांचा, गोडाऊनला घाण झाली तर त्यांची. आणि त्या वर्षी हळदवाल्यांचं काय झालं हे तू सून म्हणून नंतर ऐकलं असशील. सांगलीजवळच्या हरिपूरची ती जमिनीतली पेवं, ज्यात पोती न पोती हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची, त्यांत पाणी शिरलं. स्वतःचं बुडत असताना माडी उघडून दिलेला माणूस आहे तो, त्याला सेवेचं वावडं कसं असेल? मला वाटतं त्यांना एवढंच लागलंय की तुझ्या सहा वर्षांत एकदाही कुणी त्यांना विचारलं नाही, बाबा तेव्हा तुम्ही सत्तर माणसांचं जेवण आठ दिवस कसं काढलं? संडासाचं काय केलंत? हे खरोखर विचार. गप्प बसलेल्या म्हाताऱ्यांकडे असल्या प्रश्नांची उत्तरं फार असतात आणि ती तुझ्या क्लबलाही कामाची आहेत. आणि हो, त्या माडीवर बॅनर नव्हतं.

पैशाचं थोडं रुक्ष आहे पण वाच. पहिलं, पगार. सीएला बोलव आणि तुझा डायरेक्टर म्हणून पगार ठरवून घे, पब्लिक कंपनीत डायरेक्टरांच्या पगारावर कायद्याची वरची मर्यादा असते तशी प्रायव्हेटला नाही, तेव्हा ते कारण कुणी सांगू नये. टीडीएस कापून तुझ्या खात्यात, तुझं रिटर्न वेगळं. त्यातून तू क्लबला दे, देवळाला दे, नाहीतर गोव्याला जाऊन ये, कुणाच्या बापाचं काही जात नाही. दुसरं, कंपनीने किती द्यायचं ते बोर्डाने, म्हणजे तुम्ही चौघांनी, ठरवायचं आणि मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहायचं. कंपनी कायद्यात त्याची सोय आहे, गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत धर्मादाय देणगी बोर्ड आपल्या अधिकारात देऊ शकतं, त्यावर गेलं तर शेअरहोल्डरांची सभा लागते, म्हणजे तुमच्याकडे तीच चार माणसं, फार तर सासूबाई वाढतील. ५ टक्के द्याच असं मी म्हणत नाही हं, अर्धा टक्का ठरवा, पण आकडा ठरवा. क्लबमधला कुणी सीएसआर सीएसआर (कंपनीने समाजासाठी करायचा खर्च) करत असेल तर २०१३ च्या कायद्यातला तो नफ्याच्या २ टक्क्यांचा नियम ५०० कोटी नेटवर्थ किंवा १००० कोटी टर्नओव्हर किंवा ५ कोटी निव्वळ नफा असलेल्यांसाठी आहे, तुम्ही त्यात बसत नसाल तर ती सक्ती नाही, मर्जी आहे, आणि मर्जी चौघांची लागते.

आणि हे बहुतेक कुणी तुला सांगितलं नसेल. तू हळदीची पाकिटं वाटतेस तेव्हा ती फुकट गेलेली पाकिटं जीएसटीत वेगळी दाखवावी लागतात, त्यांच्या कच्च्या मालावर, पॅकिंगवर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, परत करावं लागतं. वस्तू दिल्या तर देणगीवरची इन्कम टॅक्सची सवलतही मिळत नाही, ती पैशाच्या देणगीला, आणि रोख दिली तर २००० पर्यंतच. म्हणजे दिराला दर पुरानंतर अकाउंटंटकडून जो त्रास होत असेल तो तुला दिसतच नाहीय, तुला फक्त त्यांचं तोंड वाकडं दिसतं. सोपा रस्ता हा की पाकिटं कंपनीकडून तू किंवा क्लबने बिलावर विकत घ्यायची, पडेल त्या भावाला घ्या, पण बिल फाडा.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. २०१९ आठव. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर, कोल्हापूरच्या अलीकडे हायवे पाण्याखाली, ट्रकच्या रांगा. हायवे उघडल्यावर राज्यभरातून मदत आली आणि काय आलं? बिस्किटं, पाणी, फरसाण, आणि जुने कपडे, ढिगाने जुने कपडे, जे कुणी घातले नाहीत आणि चौकाचौकात चिखलात पडून राहिले. एका गल्लीत तीनदा वाटप, पलीकडच्या मळ्यात कुणीच नाही. तिथे पाकीटं कमी नव्हती, यादी कमी होती. आणि यादी कुणाला येते? तुला येते बाई. कुठल्या दुकानात किती पेट्या गेल्या, कुठून किती परत आल्या, कुठली गाडी कुठल्या रस्त्याने आधी, हे तू रोज करतेस आणि त्याला तू सेवा समजत नाहीस कारण त्याचा फोटो निघत नाही. क्लबला तुझी हळद देऊ नकोस, तुझी डिस्पॅचची वही दे. जूनमध्येच नदीकाठच्या वाड्यांची घरनिहाय यादी, म्हातारी किती, तान्ही किती, इन्सुलिनवाले किती, एवढं जरी तयार असेल तर ऑगस्टमध्ये तुला टेम्पोसमोर उभं राहायची गरजही पडणार नाही. शिवाय पुरात वाटायला म्हणून तारीख जवळ आलेला माल बाहेर काढायचा मोह सगळ्या खाण्याच्या धंद्यांत होतो, तुझ्याकडे होत नसेल, पण झाला तर तू असशील तिथे नाही म्हणणारी, उरलेलं अन्न वाटण्याचेसुद्धा २०१९ पासून वेगळे नियम आहेत.

यावरून लिज्जतची गोष्ट आठवली. १९५९ ला गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले तेव्हा छगनलाल पारेखांनी त्यांना ८० रुपये दिले, ते समाजसेवक होते, देणगी देऊ शकले असते, त्यांनी उसने दिले. देणगी असती तर ती एका महिन्यात संपली असती असं आपलं माझं मत. तुमच्याकडे चटणी कुटायचं, निवडायचं काम सीझनला बाहेर जातं ना? पुरात ज्यांचं सगळं गेलं त्यातल्या दोन घरांना ते काम मिळालं तर दीरही हरकत घेणार नाहीत, कारण मिरचीचे देठ कुणीतरी खुडायचेच आहेत.

रक्तदानाचं. एप्रिल-मे मध्ये रक्त कमी पडतं, कॉलेजं बंद, लोक गावाला, हे खरं, आणि नेमकं तेव्हाच तुमच्याकडे मिरचीचा, चटणीचा सीझन डोक्यावर असतो, हेही खरं. म्हणजे तारीख बदलता येत नाही तर जागा बदल. मिलच्याच आवारात घ्या, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, तासाभराच्या हाकेवर तू असशील. फक्त कामगारांवर सक्ती नको, वहिनी बघतायत म्हणून कुणी हात पुढे करायला नको, तू त्या वेळी आत ऑफिसात बस. आणि एक बघच. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत. तुझ्या पॅकिंगमधल्या बायका रांगेत उभ्या राहिल्या तर त्यातल्या किती जणींना परत पाठवतात ते मोज. आमच्या मंडळाच्या शिबिरात एक बाई तीन वर्षं लागोपाठ यायची आणि तीन वर्षं परत जायची, आम्ही तिला दरवेळी बिस्किटाचा पुडा द्यायचो आणि पुढच्या वर्षी या म्हणायचो. चौथ्या वर्षी कुणीतरी विचारलं की बाई तू घरी जेवतेस काय. तोपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. तुझ्या मिलमधल्या ज्या परत जातील त्यांचं पुढे काय करायचं, गोळ्या, डॉक्टर, दुपारची उसळ, हे तुझं काम आहे आणि यासाठी बोर्डासमोर मांडलेला खर्च कुणी नाकारला तर मला परत लिही, मी तुझ्या बाजूने भांडेन.

आता अध्यक्षपद. या जुलैला नको. सेवा नको म्हणून नाही, जुलै-ऑगस्ट तसे तुमचे जरा सैलच असतात. पण एप्रिलच्या लॉटचा डाग अजून ओला आहे आणि तुझी ती चष्मेवाली बाई एक पूर्ण सीझन तुझ्याशिवाय काढायला तयार झालेली नाही. क्लबला सांग पुढच्या वर्षी घेते, यंदा आपत्तीच्या यादीचं काम तेवढं माझ्याकडे द्या. पुढच्या वर्षी दुसऱ्याला दिलं तर दिलं, पदं दर वर्षी रिकामी होतात.

मिस्टरांचं तुला वाटेल ते कर. हे वाक्य मी पस्तीस वर्षं ऐकलंय, त्याचा अर्थ मला भांडणात ओढू नका एवढाच असतो. घरी चालेल, कंपनीत ते डायरेक्टर आहेत, पगाराच्या आणि देणगीच्या दोन्ही ठरावांवर त्यांना हो किंवा नाही लिहावं लागेल, तिथे तुला वाटेल तेला जागा नसते. मीटिंगच्या आदल्या रात्री बोल त्यांच्याशी, जेवणानंतर, फोन लांब ठेवून. दिराचं काम आधी कर पण, एकट्यात जाऊन ८०० पाकिटांची चूक माझ्या खात्यातली होती असं सरळ म्हण, पुढे ते कामगारांसमोरचं बोलणं काढ. उलट क्रमाने केलंस तर दोन्ही वाया.

पत्ता कळवतेय. चटणी कमी तिखट असेल तर अर्धा किलो पाठव, बिलासकट. बिल नसेल तर पार्सल घेणार नाही, पोस्टमनला तसं सांगून ठेवलंय.